तिसऱ्या मॉडेलचे कारण

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी उजेडाला कसलीच घाई नव्हती. तो आधी समोरच्या टेकडीवरच्या पांढऱ्या देवळीशी आला, तेथे जरा रेंगाळला, आणि मग द्राक्षमळ्यांच्या ओळींमधून, एकेक पायरी उतरावी तसा, खाली येऊ लागला. ओळींमधले खांब मोजता येत होते. शेवटच्या खांबावर बसलेल्या कावळ्याने मान वळवली, तीही दिसली. चर्चच्या मनोऱ्यावरचा मिनिटकाटा एक घर पुढे सरकला आणि थरथरून थांबला. ओढ्यापलीकडच्या धुराड्यातून निघालेल्या धुराला सोनेरी कड आली होती, कोणीतरी कात्रीने कापावी इतकी रेखीव. मग तो उजेड रस्ता ओलांडून, कुंपण ओलांडून स्वयंपाकघराच्या खिडकीत शिरला, आणि तेथे मात्र त्याची धार गेली. टेबलावर पोहोचेपर्यंत त्याचे पीठ झाले होते, मऊ, भुरभुरीत, कशालाही कड न ठेवणारे. कप, सुरी, खसखशीच्या पावाचे तुकडे, वर्तमानपत्रावर मांडून ठेवलेले पिस्तुलाचे भाग, सारे त्या पिठात बुडाले होते.

बोहुमीर श्रामेकला हा उजेड आवडे. जवळच्या वस्तूंना सकाळी सकाळी थोडे मऊ होण्याचा हक्क आहे, असे त्याने स्वतःला समजावून ठेवले होते. हा हक्क त्या अलीकडे दुपारीही बजावू लागल्या होत्या, याकडे तो लक्ष देत नसे.

त्याचे वय त्रेसष्ट. चाळीस वर्षे त्याने गावाची कुलपे उघडली, कधी मालकांच्या विनंतीवरून, तर कधी मालकांच्या बायकांच्या. आता तो निवृत्त होता आणि जुन्या वीटभट्टीच्या खाणीतल्या नेमबाजी मंडळात नवशिक्यांना शिकवत असे. टेबलावरचे पिस्तूल आठ दिवसांपूर्वी घेतलेले, तिसरे मॉडेल. आज संत मार्टिनचा दिवस, म्हणजे मंडळाच्या वार्षिक स्पर्धेचा. पंचवीस मीटरवर आठ लोखंडी पाट्या उभ्या करायच्या. कमीत कमी वेळात ज्याच्या सगळ्या पडतील त्याला भाजायला तयार असा हंस मिळे. बावीस वर्षांत बोहुमीरने चौदा हंस घरी आणले होते. गेल्या दोन वर्षांत मात्र त्याच्या दोन-दोन पाट्या उभ्याच राहू लागल्या. पहिल्या वर्षी त्याने दारूगोळ्याला दोष दिला, मग पाट्यांच्या नव्या रंगाला, मग उन्हाला, आणि ऊन नसलेल्या दिवशी उन्हाच्या अभावाला. शेवटी त्याने पिस्तुलाची स्प्रिंग बदलली. पाट्यांना त्याचेही काही वाटले नाही. नेमक्या याच उन्हाळ्यात कारखान्याने त्या पिस्तुलाचे तिसरे मॉडेल बाजारात आणले.

ते घेण्याजोगे आहे की नाही, यावर मंडळ तीन महिने भांडत होते. मंडळाचा अध्यक्ष क्विदो, जो गावात खानावळ चालवी आणि प्रत्येक विषयावर मोठ्या आवाजात मत बाळगी, त्याचे म्हणणे असे की हा दुसऱ्या मॉडेलचाच सख्खा भाऊ आहे, फक्त नवा कोट घालून आलाय. मूठ खरखरीत करायला या लोकांना अकरा वर्षे लागली, आणि आता त्या खरखरीचे ते इतके पैसे मागतात की तेवढ्यात एखादी बरी स्कूटर यावी. बोहुमीरने मात्र प्रश्न शास्त्रोक्त पद्धतीने हाताळला. कारखान्याचे माहितीपत्रक त्याने वाचले नाही. विकणाऱ्याचे ऐकून माल पारखू नये, हे त्याचे तत्त्व होते. त्याने दुकानातून पिस्तूल दोनदा हाताळायला मागितले, व्हर्नियरने मोजले, घरी आणल्यावर द्राहोमीराच्या स्वयंपाकाच्या काट्यावर तोलले. द्राहोमीरा, म्हणजे त्याची बायको, आकडे वाचून दाखवी आणि तो ते मोठ्या अक्षरांत वहीत उतरवी. चाप सोडल्यावर जुन्यापेक्षा दोन मिलिमीटर आधी परत बसतो. वजन चौदा ग्रॅम जास्त. मॅगझिनमध्ये एक गोळी अधिक. शिवाय वर एक झाकण होते. ते काढून तेथे एक छोटी काच बसवता येई, जिच्यात लाल ठिपका उजळतो आणि तो लक्ष्यावर टेकवला की झाले. बोहुमीर या काचेला टीव्ही म्हणे. ज्यांना नेम धरता येत नाही त्यांनी घरी बसून टीव्ही बघावा, असे त्याने दुकानदारालाच ऐकवले होते.

जुने पिस्तूल त्याने हेडविकाला विकले. ती औषधाच्या दुकानात काम करी, त्याच्याकडेच शिकली होती आणि त्याला मास्तर म्हणे. पोलिसांकडची नोंद वगैरे रीतसर झाली. पहिल्याच रविवारी तिने त्या पिस्तुलाने आठच्या आठ पाट्या पाडल्या. त्या पिस्तुलाला पाट्या पाडायची सवयच आहे, असे बोहुमीरने तिला उदार मनाने सांगितले, आणि घरी येऊन नव्या पिस्तुलाला पुन्हा एकदा तेल लावले.

आता तो दुकानाची पावती हात पूर्ण लांब करून, मान मागे घेऊन, हमीची मुदत शोधत होता.

"पुढच्या मॉडेलात हात लांब करून मिळतात का, विचार त्यांना," द्राहोमीरा चुलीकडे तोंड ठेवूनच म्हणाली.

त्यावर त्याने तिला नेहमीची आठवण करून दिली. परवान्याच्या तपासणीत डॉक्टरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, आणि त्याखालचे छापखान्याचे नावही. हे खरेच होते. तक्ता पाच मीटर अंतरावर असे. द्राहोमीराने पावती त्याच्या हातातून घेतली, मुदत वाचली, पावती साखरेच्या डब्याखाली ठेवली आणि त्याचा मफलर नीट केला.

वीटभट्टीच्या खाणीत मंडळाची लाकडी खोली होती, आणि त्या खोलीत मंडळाचा एक नियम होता, जो कुठेही लिहिलेला नव्हता आणि म्हणूनच कोणी मोडत नसे. नवे पिस्तूल स्पर्धेत उतरवण्याआधी त्याचे बारसे करावे लागे. रिकामे पिस्तूल पाव कापायच्या फळीवर, तोंड भिंतीकडे करून ठेवायचे. मालकाने उभे राहून, ते का घेतले याचे खरे कारण सांगायचे. कारण मंडळाला पटले की सगळे टेबलावर तीनदा मुठी आपटत. पटले नाही तर मालकाच्या नावावर आलुबुखाऱ्याच्या दारूच्या पेल्यांची एक रांग भरली जाई. पेल्यांना नेमबाजी संपेपर्यंत कोणी ओठ लावत नसे. त्या बाबतीत मंडळ मठासारखे कडक होते. ते नुसते भरून उभे राहत, पंचांसारखे.

कारण शहाणपणाचे असावे अशी अट नव्हती, खरे असावे एवढीच होती. बायकोने न विचारता नवा फ्रिज आणला म्हणून मीही न विचारता हे आणले, हे क्विदोचे कारण एका दमात पास झाले होते. आरशात बरे दिसते, हे दाताच्या डॉक्टरचे कारण तर टाळ्यांनी. हेडविकाने, मास्तरांचे आहे म्हणून घेतले, एवढेच सांगितले होते. मुठी आपटल्या गेल्या तेव्हा बोहुमीरला खिडकीबाहेर बघावे लागले होते.

साडेनऊला तो फळीमागे उभा राहिला. खिडकीतून येणारा उजेड टेबलावरच्या रिकाम्या पेल्यांवर पडला होता. त्याने घसा साफ केला आणि चापाचे दोन मिलिमीटर सांगितले, नेमक्या आकड्यांसह.

कोणाचीही मूठ हलली नाही. बारसे चालवायचे काम क्विदोचे होते, बाटली त्याच्या हातात होती.

"बोहुश, तू चाप ओढेपर्यंत माझ्याकडे रस्सा आटतो," तो म्हणाला. "दोन मिलिमीटर वाचवून करणार काय तू?"

पहिली रांग भरली. बोहुमीरने एक जादा गोळी पुढे केली. पाट्या आठच आहेत, क्विदोने सगळ्यांना आठवण करून दिली, आणि नववी गोळी हंसासाठी असेल तर तो आधीच मेलेला आहे. मागच्या बाकावर हसू पसरले. दुसरी रांग भरता भरता बोहुमीरने जुन्या पिस्तुलाला दोष देऊन पाहिला: ते थकले होते, त्याची नळी झिजली होती. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आले की सगळे हेडविकाकडे पाहत आहेत. हेडविका स्वतःच्या बुटांकडे पाहत होती.

क्विदोने तिसरी रांग भरली आणि घड्याळाकडे पाहिले. पावणेदहा झाले होते. दहापर्यंत कारण पटले नाही तर आज बोहुमीरने नेमबाजांच्या रांगेत उभे राहायचे नाही. पेन्सिल घेऊन टेबलाशी बसायचे आणि गुण लिहायचे. हे सांगताना त्याने आवाज खाली आणला होता, आणि क्विदोचा खाली आलेला आवाज ऐकायची कोणाला सवय नव्हती. बावीस वर्षांत बोहुमीर त्या रांगेबाहेर कधी उभा राहिला नव्हता. जुने पिस्तूल आता त्याचे नव्हते, नवे अजून त्याचे झाले नव्हते, आणि पेन्सिलीने छोट्या रकान्यांत लिहिण्याची कल्पना त्याला, कशामुळे ते न उमजता, सर्वांत भयंकर वाटली.

तेव्हा हेडविका उठली.

"मास्तर," ती म्हणाली, "माशी कशी आहे?"

हा प्रश्न बोहुमीरचाच होता. नळीच्या टोकावर जो लहानसा उंचवटा असतो, ज्याला नेम धरताना मागच्या खाचेत बसवायचे, ती माशी. प्रत्येक नवशिक्याला पहिली गोळी झाडण्याआधी तो हेच विचारी. पाटी धूसर दिसली तरी चालेल, जग धूसर दिसले तरी चालेल, पण माशी लख्ख दिसली पाहिजे, आणि ती कशी दिसते ते शब्दांत सांगितल्याशिवाय तो चापाला बोट लावू देत नसे. या खोलीतल्या निम्म्या लोकांनी त्याला कधी ना कधी ते उत्तर दिले होते.

त्याने रिकामे पिस्तूल उचलले, चेंबर पुन्हा तपासले, आणि भिंतीकडे धरले. भिंतीवर ट्रॅक्टरच्या कंपनीचे कॅलेंडर होते. त्यातले लाल रविवार त्याला स्पष्ट दिसले, ट्रॅक्टरच्या चाकावरचा चिखलही. हाताच्या टोकाशी, जेथे माशी असायला हवी, तेथे राखाडी लव होती, जुन्या कोटाच्या खिशात सापडते तशी. त्याने डोळा बारीक केला. लव थोडी पसरली.

"सपाट," तो म्हणाला. शब्द आपोआप येत होते, प्रार्थनेसारखे. "काळी. दोन्ही बाजूंना सारखा उजेड."

कोणी हसले नाही. हेडविका फळीपाशी आली आणि तिने स्वतःचे पिस्तूल, म्हणजे त्याचे जुने, उघडून रिकामे करून शेजारी ठेवले.

"याची काळी आहे, मास्तर," ती हळू म्हणाली. "नव्याच्या माशीवर पांढरा ठिपका आहे. दुकानाच्या खिडकीत मला सगळ्यात आधी तोच दिसला होता."

"तीन महिने सगळं मोजलंस, बोहुश," क्विदो म्हणाला. "काट्यावर तोललंस. तेवढं एक बघायचं राहिलं."

बोहुमीरने पिस्तूल खाली ठेवले आणि अंगठ्याचे नख माशीवरून फिरवले. कुलपांत चाळीस वर्षे वावरलेल्या नखाला ते लगेच कळले: खसखशीच्या दाण्याएवढा एक गोल, किंचित खोल, रंगाने भरलेला. आठ दिवस तो या पिस्तुलाला तेल लावत होता. कारखान्याने जे काही बदलले होते ते त्याने वहीत उतरवले होते. फक्त जो बदल डोळ्यांसमोर धरायचा होता तोच त्यात नव्हता. त्याला सकाळचे टेबल आठवले, आणि तो पिठासारखा उजेड, जो टेकडीवर मात्र पीठ नव्हता. साखरेच्या डब्याखालची पावती आठवली. वर्षानुवर्षे तो लोकांना सांगत आला होता की लक्ष्याकडे पाहू नका, माशीकडे पाहा; आणि कधीपासून कोण जाणे, तो स्वतः फक्त लक्ष्याकडे पाहत आला होता, कारण दुसरे काही पाहायला उरलेच नव्हते. टीव्हीच्या जागेवरच्या झाकणाचे चार स्क्रू त्याने किती घट्ट पिळले होते, तेही त्याला आठवले.

तीन रांगा उजेडात उभ्या होत्या. पेल्यांच्या कडा कुठे संपतात ते त्याला सांगता आले नसते. क्विदोने चौथ्या रांगेतल्या पहिल्या पेल्यावर बाटली वाकवली, पण ओतली नाही.

"कारण, बोहुश," तो म्हणाला.

बाहेर कोणीतरी पाट्या उभ्या करत होते. लोखंडावर लोखंडाचा एकेक ठोका ऐकू येत होता. बोहुमीरने ते मोजले. आठ झाले.

"मला माशी दिसत नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली."