भाचेसाहेबांना मी खाली कसे उतरवले

या, मित्रांनो, जवळ या. अंतर राखून बसायचे दिवस सरले, आणखी थोडे सरका. आज तुम्हाला एका सुडाची गोष्ट सांगते. सूड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे तलवार आली असेल. माझ्याकडे तलवार नव्हती. देवाने मला हात दिले नाहीत, तोंड दिले नाही. पोटात हवेची एक नळी तेवढी दिली. पण तो देतो ते पुरेल एवढेच देतो, याची साक्ष मी आहे.

मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. कारखान्यात मला पाच चाके लागली, पाठीला काळी जाळी लागली आणि बैठकीखाली वर-खाली करणारी नळी बसली. प्राणवायूच्या टाक्या भरून घरोघर पोहोचवणाऱ्या एका लहान कंपनीने मला विकत घेतले. मला फोनच्या टेबलाशी ठेवले आणि माझ्यावर ताई बसू लागली. सगळे तिला ताईच म्हणत, अगदी तिच्याहून मोठेसुद्धा. सकाळी आल्यावर ती पर्स ठेवायच्या आधी माझी पाठ पुसायची. एवढ्याशा गोष्टीने खुर्ची जन्माची बांधली जाते, मित्रांनो.

ताईचे वडील त्याच कंपनीत टाक्यांची गाडी चालवत. त्यांना सगळे नाना म्हणत. वर्षे गेली, माझी नळी थकली आणि ताई बसली की मी हळूहळू खाली जाऊ लागले. फोनवर बोलता बोलता तिची हनुवटी टेबलाला टेकायची. मालक म्हणत, "नवी घेऊ." शेवटी नानांनी प्लास्टिकच्या पाइपाचा एक तुकडा आणला, उभा चिरला आणि माझ्या नळीभोवती घट्ट बसवला.

"बस आता," ते म्हणाले. "परत खाली गेलीस तर माझी मिशी काढ."

"मिशी राहू द्या नाना. आई मला घरात घेणार नाही."

तेव्हापासून मी एक बोटभरही खचले नाही.

आता या गोष्टीतला तिसरा माणूस. काचेच्या केबिनमध्ये मालकांचा भाचा बसायचा. काम काय करायचा ते मला कधी कळले नाही. ऑफिसात त्याला भाचेसाहेब म्हणत, समोर आदराने आणि मागे हसून. ताईला व्यवस्थापन शिकायच्या मोठ्या संस्थेत जायचे आहे, हे त्याच्या कानावर गेले.

"काय नाना, पोरगी मॅनेजर होणार म्हणे? मग मामांनी कुठे बसायचं?"

"मालकांनी बसावं निवांत," नाना म्हणाले. "ती उभ्याने काम करणारी आहे."

भाचेसाहेब हसले. ते हसणे मी लक्षात ठेवले.

मग जगभर तो आजार आला. फोन थांबेना. रोज त्याच विनवण्या आणि तेच रडणे. कुणाच्या दाराशी जायची सोय नव्हती. नाना गल्लीत उभे राहून हाका मारत, वरून लोक ओरडून उत्तर देत आणि त्या गोंधळात जिथे घाई नाही तिथे टाकी जायची, जिथे जीव घाबरा झालेला तिथे उशीर व्हायचा. ताईने एक पद्धत घातली. ज्याच्या घरी टाकी आहे, त्याने दाराला फडके बांधायचे. फडक्याला एक गाठ म्हणजे टाकी रिकामी झाली, घेऊन जा. दोन गाठी म्हणजे चालू टाकी संपत आली, भरलेली आधी इथे द्या. गाडी गल्लीत वळली की नानांना काही विचारावे लागत नसे. फोनवर रडणारे लोक हळूहळू आभार मानू लागले. माझ्यावर बसून ताईने ते आभार ऐकले आणि प्रत्येकाला म्हणाली, "नानांना सांगते."

त्याच दिवसांत तिने अर्ज केला. परीक्षेची केंद्रे बंद, तारखा रोज पुढे ढकललेल्या, शेवटी परीक्षा कॅमेऱ्यासमोर द्यायची ठरली. इंटरनेटची चांगली तार फक्त आमच्या टेबलापर्यंत आली होती, म्हणून सुट्टीच्या दिवशी ताई ऑफिसात परीक्षेला बसली. पडद्यावरच्या माणसाने टेबलाखाली बघितले, छत बघितले, मलासुद्धा गोल फिरवून दाखवायला लावले. खोलीत दुसरे कुणी आले तर परीक्षा रद्द होणार होती. बाहेर जिन्यावर नाना राखणीला बसले.

आणि मला आवाज आला. कुणीतरी तोंडात पंचा कोंबून खोकत होते.

परीक्षा संपल्यावर ताईने दार उघडले. "नाना, तुम्ही खोकत होतात?"

"धूळ गेली गं घशात. तुझं सांग, कसा गेला पेपर?"

ती धूळ नव्हती. पुढच्या आठवड्यात ताईने आपल्याच दाराला फडके बांधले, त्याला दोन गाठी मारल्या आणि गाडीची वाट न बघता स्वतः टाकी आणायला धावली. टाकी मिळाली. दवाखान्यात खाटही मिळाली. नाना मात्र परत आले नाहीत.

परीक्षेत ताई पास झाली, मुलाखत उरली. दुपारी ऑफिस जेवायला गेले की ती माझ्यावर बसून रिकाम्या भिंतीला उत्तरे सांगायची. फडक्यांची गोष्ट सांगायची, नाना कसे गल्लोगल्ली फिरले ते सांगायची. पण रंगीत फडकी न घेता गाठीच का मारायच्या, इथवर आली की गप्प व्हायची, डोळे पुसायची आणि पुढच्या प्रश्नाकडे जायची.

केबिनच्या काचेमागे तेव्हा एक सावली न हलता उभी असायची. भाचेसाहेबांनीही त्याच संस्थेत अर्ज केला होता. त्यांच्याकडे फी होती, कोट होता. सांगायला गोष्ट तेवढी नव्हती. ती त्यांनी काचेमागून उचलली. मी लक्षात ठेवले.

मुलाखती एकाच दिवशी आल्या, भाचेसाहेबांची सकाळी आणि ताईची दुपारी. सकाळी ताई गाडीबरोबर टाक्या द्यायला गेली होती. भाचेसाहेब कोट-टाय घालून आमच्या टेबलाशी आले, कारण तार तिथेच होती. मालक केबिनमध्ये कौतुकाने ऐकत बसले. भाचेसाहेब उंच, त्यामुळे कॅमेऱ्यात त्यांचे डोके कापले जात होते. मला खाली घ्यायला त्यांनी वाकून माझ्याखाली पाहिले.

"हे कसलं भंगार लावलंय?" म्हणत त्यांनी नानांचा पाइप ओढून काढला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

क्षमा थोर असते, हे मलाही ठाऊक आहे. देवाच्या दारी गेले की शिकेन. त्या सकाळी मला शिकायचे नव्हते.

पडद्यावर तीन चेहरे आले. भाचेसाहेबांनी सुरुवात केली. "या संकटात मी एक पद्धत काढली. स्वतः गाडी चालवली, गल्लोगल्ली फिरलो..."

मी एक श्वास सोडला. भाचेसाहेब थोडे खाली गेले.

"...लोकांना दाराला फडकी बांधायला लावली..."

मी आणखी सोडला. मुद्दाम सावकाश. आधी टायची गाठ पडद्यावरून गेली, मग कॉलर गेली, मग हनुवटी टेबलामागे बुडाली. त्यांनी माझी उंची वाढवायचा दांडा ओढला, उठून परत बसले. मी वर आले आणि पुन्हा निघाले.

"आपण आहात ना?" मधल्या चौकटीतल्या बाईंनी विचारले.

"आहे, आहे मॅडम. खुर्ची जरा..."

"असू दे. मला एक सांगा. मुलाखतीआधी पाठवलेल्या टिपणात तुम्ही गाठींचं लिहिलंय. सरळ लाल आणि हिरवी फडकी का नाही वापरली? लांबून पटकन दिसली असती."

टेबलावर आता फक्त डोळे आणि कपाळ उरले होते. ते कपाळ म्हणाले, "हो, म्हणजे नंतर आम्ही रंगच वापरले. लाल म्हणजे घाई. मी गाडीतून बघायचो."

बाईंनी काहीतरी लिहून घेतले. पडदा बंद झाला. केबिनचे दार उघडले.

"तू गाडी चालवलीस?" मालक म्हणाले. "कधी रे? तुला ती मागे घेता येत नाही. फाटक दोनदा दुरुस्त केलंय मी."

"मामा, खुर्चीनं घोटाळा केला."

"खुर्ची कुठे बोलली? तूच बोलत होतास."

भाचेसाहेबांनी मला लाथ घातली. माझे एक चाक तुटले. त्यांनी मला मागच्या अंगणात फुटक्या टाक्यांत ढकलून दिले. पडल्या पडल्या मी हसत होते, मित्रांनो. चाकाचे दुःख फारसे झाले नाही.

दुपारी ताई आली. मी जागेवर नाही हे तिने आधी पाहिले, मग डब्यातला पाइप पाहिला. कुणाला काही विचारले नाही. मला उचलून आत आणले, पाइप पुसून नळीवर चढवला, तुटल्या चाकाखाली लाकडाची ढलपी दिली आणि बसली. माझ्या नळीतून सकाळी जेवढी हवा सोडायची होती तेवढी सोडून झाली होती. आता मी नानांच्या पाइपावर सगळा भार टाकला आणि उभी राहिले.

पडद्यावर त्याच बाई होत्या. त्यांनी तोच प्रश्न विचारला.

ताई गप्प झाली. रोजच्यासारखी. मला वाटले, पुढच्या प्रश्नाकडे जाईल. पण ती बोलली.

"गाडी माझे वडील चालवायचे. त्यांना लाल-हिरवा ओळखता येत नव्हता. सिग्नलचा वरचा दिवा की खालचा, एवढं बघून त्यांनी आयुष्यभर गाडी चालवली. कुणाला कळलं तर गाडी हातातून जाईल, म्हणून आम्ही कधी बोललो नाही. त्यांना रंग दिसला नसता. गाठ दिसायची." मग ती म्हणाली, "आता सांगायला हरकत नाही."

बाईंनी चष्मा काढला. कुणी काही लिहिले नाही.

ताईची निवड झाली. भाचेसाहेबांची झाली नाही. मालकांनी त्यांना केबिनमधून उठवून टाक्या मोजायला अंगणात पाठवले. तिथे बसायला काही नाही, हे मला फार आवडते. संस्थेचे वर्ग पहिले कितीतरी महिने पडद्यावरच भरले, तेव्हा ताईने मालकांकडून मला मागून घरी नेले. त्या मोठ्या संस्थेत ताई गेली ती माझ्यावर बसून.

मित्रांनो, घरातल्या खुर्चीला जपा. तिची सैल झालेली खिळी घट्ट करा, तिच्यावर आदळू नका. आम्ही बोलत नसलो तरी कोण कसा बसतो ते विसरत नाही. आणि एक मागणे आहे. कधी कुणाच्या दाराला गाठ मारलेले फडके दिसले, तर क्षणभर थांबा आणि नानांची आठवण काढा.