परत घेण्याचं बटण

तिसऱ्या बैठकीला वेनिंग पोचली, तेव्हा फळ्यावर एकोणतीस सोयी लिहून तयार होत्या. तिने सुचवलेल्या चारांपैकी एकही त्यांत नव्हती.

मालांग शहरातली ही संघटना परदेशी घरकामाला जाऊन आलेल्या बायकांची. कुणी तैवानला, कुणी हाँगकाँगला दहा-दहा वर्षं राबून आलेल्या. त्यांतल्या अकरा जणी लिहायच्या. प्रत्येकीला आपलं पान मिळावं आणि सगळ्यांचं लेखन एका जागी यावं, म्हणून सगळ्यांचा मिळून एक ब्लॉग बांधायचं काम वेनिंगकडे आलं होतं. पहिल्याच बैठकीत तिने सोपं करून सांगितलं होतं, "लिहिणं, कच्चं ठेवणं, प्रसिद्ध करणं, वाटलं तर काढून घेणं. एवढं महिन्याभरात देते."

तेव्हापासून यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत चालली होती.

अध्यक्ष पाक सुगियार्तो निवृत्त मुख्याध्यापक. मोठ्या पुरुषांना तिकडे आदराने 'पाक' म्हणतात, बायकांना 'बू' आणि तरुणींना 'म्बाक'. फळा दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा.

"हं, तीस. वाढदिवस," लिहिता लिहिता ते म्हणाले. "जिचा वाढदिवस, तिच्या पानावर फुगे उडाले पाहिजेत."

"पाक, फुग्यांचं नंतर बघू. आधी लिहायचं पान तरी ठरवू या."

"म्बाक वेनिंग, तुम्हा तरुण मंडळींना फार घाई. घर बांधताना आधी नकाशा काढतात की नाही?"

"काढतात. पण त्यात स्वयंपाकघराआधी कारंजं नसतं."

सचिव पाक कुस्नान खुदकन हसले आणि अध्यक्षांनी मान वळवताच वहीत तोंड खुपसून बसले.

वेनिंगला खरी खुपत होती ती एकोणिसावी ओळ. कुठलाही लेख प्रसिद्ध होण्याआधी सचिव, खजिनदार आणि अध्यक्ष अशा तिघांची मंजुरी. तिने आतापर्यंत तीनदा हरकत घेतली होती आणि तिन्ही वेळा पाक सुगियार्तोंनी "शिस्त, म्बाक, शिस्त" म्हणत ती ओळ आणखी ठळक गिरवली होती.

"लिहिणाऱ्यांना विचारलंत का?" ती आता चिडूनच म्हणाली. "अकरा जणींतली एक तरी आलीये का इथे?"

"त्यांना यातलं काय कळणार? कॉम्प्युटरची भाषा आहे ही. आणि बू तुमिराह आहेत की."

बू तुमिराह होत्या खऱ्या, पण दाराशी, हातात तळलेल्या केळ्यांचं ताट घेऊन. तैवानमध्ये अकरा वर्षं एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची सेवा करून आलेली ही बाई सगळ्यांत चांगली लिहायची. बैठकीला बोलावलं होतं ते चहा-खाण्याचं बघायला.

"बू," वेनिंगने खुर्ची पुढे सरकवली, "तुम्हाला काय हवंय या ब्लॉगवर?"

बू तुमिराह बसल्या नाहीत. "मला माझं लिहिलेलं परत घेता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "मला. कुणाला फोन न करता."

"त्यात काय एवढं? संघटनेच्या जुन्या ब्लॉगवर मी काढून देतच होतो," पाक सुगियार्तो म्हणाले.

"निंगरुमच्या वेळी नाही दिलंत, पाक."

निंगरुम कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बू तुमिराहांनी ताट टेबलावर ठेवलं आणि भाजीचा भाव सांगावा तशा सपाट आवाजात सांगितलं. निंगरुम त्यांची भाची. परदेशी पाठवणाऱ्या दलालाच्या वसतिगृहात तिच्यावर जे गुदरलं, ते त्यांनी जुन्या ब्लॉगवर लिहिलं होतं. नाव बदललं होतं, गावाचं नाव तेवढं चुकून राहिलं. तिच्या सासरच्यांनी ओळखलं. निंगरुम रडत फोन करत राहिली, मावशी, काढ ते. पण ब्लॉगची किल्ली एकट्या अध्यक्षांकडे, आणि ते लेबारानच्या, म्हणजे ईदच्या, सणाला पाचितानला सासुरवाडीला गेलेले.

"नऊ दिवस ते तसंच राहिलं. दहाव्या दिवशी तिला माहेरी आणून सोडलं. ती माझ्याशी अजून बोलत नाही."

"मला कुणी सांगितलं नाही," पाक सुगियार्तो हळूच म्हणाले.

"सतरा वेळा फोन केला. तुम्ही परत आलात तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं."

पाक सुगियार्तोंनी चष्मा पुसला. मग फळ्याकडे वळले आणि वळणदार अक्षरात लिहिलं: एकतीस, लेखन मागे घेणे. वेनिंगच्या जिवात जीव येतोय तोवर त्यांनी पुढे कंस काढून भर घातली: समितीच्या मंजुरीने.

वेनिंग उठली आणि तळहाताने तो कंस पुसून टाकला. फळ्यावरच्या शाईने हात निळा झाला.

"म्बाक! ही काय पद्धत?"

"आत्ता ऐकलंत ना, पाक? कानांनी ऐकलंत ना?"

ते लालबुंद झाले. पण बू तुमिराह समोरून हलल्या नाहीत आणि त्यांच्या देखत तो कंस पुन्हा लिहायला अध्यक्षांचा हात धजावला नाही. एकतिसावी ओळ तशीच राहिली. एकोणिसावी मात्र त्यांनी सोडली नाही. वेनिंगने पाऊण तास डोकं आपटलं, शेवटी दमून वही मिटली.

ब्लॉग तीन महिन्यांनी उभा राहिला, आणि व्हायचं तेच झालं. बायकांनी बावीस लेख पाठवले, प्रसिद्ध झालं ते एकच: अध्यक्षांचं मनोगत. पाक कुस्नान दर आठवड्याला पासवर्ड विसरायचे. खजिनदारबाई मुलीच्या बाळंतपणाला सुराबायाला गेल्या आणि तिकडेच रमल्या. वेनिंग रोज फोन लावायची.

"अहो पाक कुस्नान, फक्त हिरवं बटण दाबायचंय."

"दाबतो ना. पण आधी ते पान कुठं उघडायचं, ते परत एकदा सांगता का?"

तेच ते सतराशे साठ वेळा सांगून तिचा घसा बसला. एकीचा लेख आईच्या मरणाचा होता. तो पाच आठवडे सचिवांच्या खात्यात पडून होता.

उद्घाटन गुरुवारी ठरलं, जिल्ह्याचे साहेब येणार होते. मंगळवारी सकाळी पाक सुगियार्तोंचा फोन आला. "म्बाक, घात झाला! कुणीतरी साइट फोडली. सगळे लेख चोरीला गेले!"

वेनिंगने घाईने उघडून पाहिलं. कुणी काही फोडलं नव्हतं. सोमवारी दुपारपासून अकरा जणींनी एकेक करून आपापले लेख परत घेतले होते. बावीसच्या बावीस.

दोघं तसेच बू तुमिराहांच्या घरी गेले. त्या अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या.

"बू, हे काय केलंत? गुरुवारी मी साहेबांना दाखवू काय?"

"तुमचं मनोगत आहे की."

"अहो, हा थट्टेचा विषय आहे का?"

"थट्टा कुठं? जे कुणी वाचतच नाही, ते तिथं ठेवून काय करायचं? आमच्या पेटीत बरं."

पाक सुगियार्तो पायरीवर बसले. "बरं, तीन नकोत. पण निदान एकाने तरी आधी वाचायला हवं ना? शाळेत मी मुलांचे निबंधसुद्धा न वाचता भिंतीवर लावले नाहीत."

"आम्ही मुलं नाही, पाक. वाचा की तुम्ही. प्रसिद्ध झाल्यावर, सगळे वाचतात तसे."

त्यांनी वेनिंगकडे पाहिलं. "काढून टाका ती एकोणिसावी," ते शेवटी म्हणाले आणि कपाळावरचा घाम पुसला.

बुधवारी संध्याकाळपर्यंत एकोणीस लेख परत आले. तीन आलेच नाहीत, आणि ते का आले नाहीत हे कुणी कुणाला विचारलं नाही. गुरुवारचं उद्घाटन पार पडलं. साहेबांनी मोबाईलवर दोन लेख उभ्या उभ्या वाचले आणि भाषण विसरले.

वेनिंगला मात्र आनंद असा झालाच नाही. चार महिन्यांची चिडचिड आत तशीच साचून होती. शनिवारी ती बू तुमिराहांकडे गेली. लिहिणाऱ्यांपैकी सहा जणी चटईवर जमल्या होत्या.

"आता बोला, काय काय हवंय?" तिने वही उघडली.

बू पाइनेम नावाची बाई कोपऱ्यातून म्हणाली, "बोलून लिहिता येईल का गं, बाळ? माझी ही बोटं हाँगकाँगला धुण्याच्या औषधाने गेली. एकेक अक्षर दाबायला फार वेळ लागतो."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तू कधी विचारलंस?"

वेनिंगचे कान तापले. पाक सुगियार्तोंवर ती इतके दिवस जळफळत होती, पण या बाईला काय हवंय, हे तीसुद्धा आज पहिल्यांदाच विचारत होती. तिने मान खाली घालून वहीत लिहून घेतलं.

"अजून?" तिने विचारलं.

"अक्षरं मोठी कर," दुसरी म्हणाली. "आणि त्या फुग्यांचं काय ते बघ. माझ्या वाढदिवसाला लेखावर असे आले की एक ओळ दिसेना."