चोवीस जणींची मी एक

मित्रांनो, मी एक जुनी कमिट आहे. कमिट म्हणजे प्रोग्राममध्ये केलेल्या बदलाची जपून ठेवलेली नोंद. अ‍ॅरिझोनातल्या चँडलरमध्ये चोवीस लहान कमिट्स एकत्र करून मला घडवलं. त्याचं नवल मला अजून वाटतं.

त्या सगळ्या नागपूरच्या केदारच्या. औषधांच्या गाडीतला फ्रिज बिघडला तर ड्रायव्हरला इशारा देणारा प्रोग्राम तो लिहीत होता. जरा काही बदललं की एक कमिट, आणि तिच्यावर मनातलं मराठीत लिहायचं. 'अरे देवा.' 'आता तरी चाल बाबा.' 'चाललं! कुणी हात लावू नका.' टीममध्ये कुणालाच मराठी येत नव्हतं, म्हणून गडी निर्धास्त.

काम संपलं की सगळ्यांची मिळून एकच कमिट करायची, ही तिथली रीत. पण हे काम आलं नव्या वरिष्ठांकडे, पुण्याच्या सुहासिनीताईंकडे. केदारची पाचावर धारण बसली.

"ताई, मेसेजेस वाचू नका ना. डायरेक्ट डिलीट करा. आज रिलीज आहे."

"थांब रे. पुसायच्या आधी मी सगळं वाचते."

त्या हसत हसत वाचत गेल्या. चौदाव्या कमिटपाशी मात्र थबकल्या. तिथे लिहिलं होतं, 'पारा ११५ फॅरनहाइटच्या वर गेला तर काय, ते तपासायचं राहिलंय. उद्या बघू.'

"केदार, हे टेस्ट केलंस?"

"नाही ताई. विसरलोच."

"अरे, इथला उन्हाळा माहितीये ना? रिलीज थांबव."

दोघांनी तपासलं. ११६ ला इशारा वाजलाच नाही. केदारने चूक शोधून दुरुस्त केली. ती चोविसावी कमिट.

मग ताईंनी आम्हाला एकत्र केलं. केवढं आश्चर्य! इतक्या दिवसांची धडपड क्षणात माझ्यात मावली, आणि कामाची एक ओळही सांडली नाही.

जुलैत पारा ११८ वर गेला. रोझा नावाच्या ड्रायव्हरच्या गाडीतला फ्रिज भररस्त्यात बंद पडला आणि इशारा वाजला. तिने इन्सुलिनचे खोके जवळच्या फार्मसीत नेऊन ठेवले. हे कळल्यावर केदार कितीतरी वेळ खुर्चीवरून उठला नाही.

आता माझ्यावर हजारो कमिट्स साचल्या आहेत. मला कुणी उघडून पाहत नाही, आणि त्याचं थोडं वाईट वाटतं. पण मित्रांनो, एवढं ऐका. पसारा जरूर आवरा, मात्र टाकून देण्याआधी वाचा. कुणीतरी लाजून लपवलेल्या ओळीवर कुणाचा तरी जीव अवलंबून असतो.