अक्षरं येऊन राह्यली का?

बाबांचा लॅपटॉप अकरा वर्षांचा होता आणि त्याला हात लावायचा नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं. मी लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

माझे बाबा, श्रीहरी मास्तर, सिंदेवाहीच्या एका सरकारी कचेरीत तीस वर्षं टायपिस्ट होते. मास्तर हे नाव नाटकामुळे पडलं. वडशाच्या एका नाटकमंडळीसाठी ते दर हिवाळ्याला एक नाटक लिहीत. काचबिंदूनं नजर गेली तरी लिहिणं थांबलं नाही, कारण बटणांकडे बघायची त्यांना गरजच नव्हती. जुन्या टाइपरायटरची बटणं बोटांना पाठ होती आणि लॅपटॉपवरही त्यांनी तीच मांडणी घालून घेतली होती. तुम्ही सांगा, मी टाइप करते, असं मी कितीदा म्हटलं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "पोरीसमोर प्रेमाचे डायलॉग बोलू काय मी?"

पण लॅपटॉप सुरू व्हायलाच पंधरा मिनिटं घेई आणि मध्येच मान टाकी. भाताच्या रोवणीच्या दिवसांत मी तो भद्रावतीला नेला, जिथं मी नोकरी करते. दुकानदार प्रफुल म्हणाला, "नवीन घ्या ताई. नाई तं याचीच हार्ड डिस्क बदलून विंडोज नवीन टाकू. नुसता साफ करून दिला तं दिवाळीबी पाहणार नाई हा."

बाबा फोनवर म्हणाले, "साफ कर अन् आण. चालते ना तो, मंग काऊन छेडते त्याले?"

नव्या लॅपटॉपची बटणं त्यांच्या बोटांना परकी वाटली असती, एवढं मलाही कळत होतं. नुसतं साफ करून आणणं मात्र मला गावंढळपणाचं वाटलं. मी मधला मार्ग काढला: लॅपटॉप तोच, आत डिस्क आणि विंडोज नवीन. आपण फार शहाण्या, असं तेव्हा वाटत होतं मला.

दोन दिवसांनी लॅपटॉप चुटकीसरशी उघडला. प्रफुलनं मराठीही घालून दिली होती. मी फोनवर करते तसं, इंग्रजी अक्षरं दाबून 'नमस्कार' लिहून पाहिलं. छान उमटलं. मी तो सिंदेवाहीला पोचवला.

माझी आई, बायनाबाई, कधी शाळेत गेली नाही. पण लॅपटॉप उघडून द्यायचं तिनं शिकून घेतलं होतं. दुपारची जेवणं झाली की ती उघडून देई आणि शेजारी बसे. बाबा मधूनमधून विचारत, "अक्षरं येऊन राह्यली का वं?"

"येऊन राह्यली. भराभरा येऊन राह्यली."

मी रविवारी येई आणि फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घेई. उघडत नसे. पहिलं वाचन होईपर्यंत नाटक कुणी बघायचं नाही, हा बाबांचा जुना नेम होता. त्यांना दिसत नाही म्हणून तो मोडायचा, ही तर चोरीच झाली असती. एकदा ते म्हणाले, "हे शेवटचं, साक्षी. आजवर कंपनीले पाह्यजे ते लिवलं. यात माही माय हाय."

दसऱ्याच्या आधी वडशाला वाचन ठरलं. मंडळीचे मालक गुणवंतराव, आठ-नऊ नट, चहा. आई आयुष्यात पहिल्यांदा वाचनाला आली होती. वाचायचं मी होतं. मी फाइल उघडली.

अक्षरं मराठीच होती. शब्द मात्र कुठल्याच भाषेतले नव्हते. मध्येच एखादा 'डबा', मध्येच 'फक्त', आणि पुढं पुन्हा नुसता कचरा. मी पानं सरकवत गेले. एकशे बारा पानं तशीच. त्यांची जुनी मांडणी विंडोजबरोबर पुसली गेली होती; बाबा टाइपरायटरची बटणं दाबत होते, आणि प्रफुलची ती नवी मराठी त्या बटणांना इंग्रजी अक्षरं समजून आपल्या अंदाजानं शब्द टाकत होती. प्रफुल नंतर दोन दिवस त्यावर बसला. अंदाजानं टाकलेलं परत फिरवता येत नाही, म्हणाला.

"वाच ना," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा नटांकडे वळलेला होता.

मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती पानं?"

"सगळी."

मग ते मोठ्यानं म्हणाले, "गुणवंतभाऊ, माफ करजा. नाटक झालंच नाई. मले सुचलंच नाई काई. बटणं दाबत बसलो नुसता."

एका नटानं हसू दाबलं, ते मी पाहिलं. गुणवंतराव भला माणूस. "होते मास्तर, वय झालं," म्हणाले, आणि मागच्याच सालचं नाटक घ्यायचं ठरलं.

"पण मी तं रोज पाहात होती," आई म्हणाली. बाबांनी चाचपडत तिचा हात धरला आणि तिला चूप केलं.

परतीच्या पॅसेंजरमध्ये आईचा डोळा लागला, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, पुन्हा सांगा. मी लिहिते. कसलेही डायलॉग असू द्या."

"माही माय एकदाच बोलली," ते म्हणाले. मग हळूच, "तुह्या आईले सांगू नको. तिले वाचता येत नाई, हे आतापर्यंत तिले कधी आडवं आलं नाई."

मी सांगितलेलं नाही. चूक माझी, बोल बाबांना, आणि मी गप्प. आई आता त्यांच्याशी धड बोलत नाही. अंगणात बसून आल्यागेल्या बायांना सांगते, "अडीच महिने बाजूले बसवलं मले, अन् लिवतो म्हणून खोटं बोलला हा माणूस." बाबा आत खाटेवर असतात. त्यांना सगळं ऐकू येतं.