गेणबांच्या ओट्यावरचा गुरुत्वमापी

मित्रांनो, मी एक जुना गुरुत्वमापी आहे. बारामतीच्या एका कॉलेजात, काचेच्या कपाटात माझा मुक्काम आहे. तुमच्यापैकी कुणी कुणी काचेला नाक लावून विचारतं, "हा थर्मास आहे का?" मला त्याचं वाईट वाटत नाही. दिसतोच मी तसा. पण माझ्या पोटात केसासारखी बारीक स्प्रिंग आहे आणि तिच्या टोकाला इवलंसं वजन. जिथे पृथ्वीची ओढ कणभर जास्त, तिथे ते वजन कणभर खाली उतरतं. हे कणभर मोजण्यातच माझं आयुष्य गेलं.

नवा होतो तेव्हा सह्याद्रीच्या घाटांत फिरलो. एवढा थोरला डोंगर, म्हणजे ओढही तेवढीच वाढणार, असं कुणालाही वाटेल. पण हिशेब मांडला की ती अपेक्षेपेक्षा कमी निघे. कारण डोंगर जमिनीवर नुसता ठेवलेला नसतो. त्याच्याखाली हलक्या खडकाचं मूळ खोल गेलेलं असतं, आणि तो सगळा डोलारा खालच्या जड, फार हळू सरकणाऱ्या खडकावर तोलून राहतो. डोंगर झिजला की पृथ्वीचं कवच हळूहळू वर येतं, भार वाढला की खाली दबतं. या तोलाला शिकलेली माणसं समस्थायित्व म्हणतात.

पुढे स्वरूपा मॅडमनी मला इंदापूर तालुक्यात नेलं. त्या मूळच्या वरकुट्याच्या, आता कॉलेजात भूशास्त्र शिकवणाऱ्या. भीमेवरचा जलाशय तुडुंब भरतो तेव्हा आणि उन्हाळ्यात आटतो तेव्हा जमिनीत काय फरक पडतो, हे त्यांना पाहायचं होतं. जीपच्या पुढच्या सीटवर, पट्टा लावून, मी त्यांच्या शेजारी बसत असे.

जलाशयाकाठच्या एका वस्तीत गेणबा नावाच्या म्हाताऱ्याच्या ओट्यावर माझी जागा ठरली होती. मला हादरा अजिबात चालत नाही. म्हणून मी बसलो की गेणबा कोंबड्या हाकलत, अंगणातल्या पोरांना दटावत, "गप ऱ्हावा रं, यंतर ऐकतंय!" त्यांची बायको मुक्ताबाई हसायची आणि मॅडमच्या हातात चहाचा कप द्यायची. कुणीतरी माझ्यासाठी सगळं अंगण शांत करतं, याचा मला फार अभिमान वाटायचा.

एका वर्षी पाऊस उदंड झाला. जलाशय काठोकाठ भरला आणि वस्तीतल्या घरांच्या भिंतींना भेगा पडल्या. गेणबांच्या माजघरात तर हाताचं बोट जाईल एवढी भेग. लोक घाबरले. मॅडम आल्याचं कळताच सगळे देवळासमोर जमले.

मानसिंग नावाच्या शेतकऱ्याने सरळ विचारलं, "म्याडम, एकच सांगा. पाण्याच्या वजनानं जमीन खाली जाती का न्हाय?"

"जाते," मॅडम म्हणाल्या. "थोडी दबते. पण..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. एकच गलका उठला. दबणं म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढं, पाणी ओसरलं की जमीन पुन्हा वर येते, भिंतींच्या भेगा फुगणाऱ्या काळ्या मातीमुळे आहेत, हे सारं मॅडमच्या ओठांवरच राहिलं. त्यांना त्याच दिवशी बारामतीला परतायचं होतं. "पुढच्या खेपेला नीट समजावते," असं मानसिंगना सांगून त्या जीपमध्ये बसल्या.

पुढची खेप महिन्याने झाली. तोवर निम्मी वस्ती घरं सोडून उघड्या माळावर ताडपत्रीखाली राहायला गेली होती. गेणबाही गेले. थंडी कडाक्याची पडली, त्यांच्या छातीत कफ भरला. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

आम्ही पोचलो तेव्हा ओट्यावर कुणी नव्हतं. कोंबड्या मोकाट फिरत होत्या. मॅडमनी मला बाहेर काढलं, ओट्यावर ठेवलं आणि मोजमाप न घेताच पुन्हा पेटीत घातलं.

मग त्या तडक माळावर गेल्या आणि सगळ्यांना काठावर घेऊन आल्या. मासेमाराची एक रिकामी होडी मागून घेतली. मानसिंगना आत बसवलं, होडी किंचित खाली गेली आणि स्थिरावली. आणखी दोघे बसले, आणखी किंचित गेली आणि पुन्हा स्थिरावली.

"बुडली का?" मॅडमनी विचारलं.

"न्हाय."

"आता उतरा."

तिघे उतरले तशी होडी वर आली. "जमीन अशीच तोलून आहे," मॅडम म्हणाल्या. "भार आला की जराशी दबते, भार गेला की वर येते. ती बुडत नाही. भेगा पावसात फुगलेल्या काळ्या मातीमुळे पडल्यात. भिंतींना टेकू द्या आणि ज्या घरांची भेग वाढत नाही, त्या घरांत परत जा."

लोक पटल्यासारखे माना हलवू लागले. मुक्ताबाई मात्र होडीकडेच बघत होती. मग हळूच म्हणाली, "लेकी, ही होडी तवाबी हितंच हुती की गं."

मॅडम तिच्याजवळ जाऊन काठावर बसल्या.

वस्ती हळूहळू घरांत परतली. सर्वांत शेवटी मुक्ताबाई. मॅडम अजूनही तिच्याकडे जातात, तिच्या ओट्यावर बसतात. पुढे नवी यंत्रं आली आणि मला हे कपाट मिळालं. माझी स्प्रिंग थकली आहे. वर्षानुवर्षं काचेवरची धूळही कुणी पुसत नाही. पण त्याचं मला फारसं दुःख नाही. दुःख आहे ते त्या अर्ध्या वाक्याचं.

मित्रांनो, माझी चूक कणभर असली तरी शास्त्रज्ञ मला पुन्हा पुन्हा तपासत असत. आपल्या बोलण्याने समोरच्या माणसाच्या मनावर किती भार पडला, हेही तितक्याच काळजीने पाहत जा. मला उचलताना लोक दोन्ही हात लावतात. खरी गोष्ट कुणाच्या हाती देताना तुम्हीही तसेच दोन्ही हात लावा, आणि त्याने ती नीट धरली आहे हे पाहिल्याशिवाय सोडू नका.