गुडघाभर मरण

खळग्यात सोडलेला कोंबडा दोनदा फडफडला, त्याने मान टाकली आणि मेला. कुणी त्याला हातही लावला नव्हता.

"बघितलंत?" ज्वालामुखीच्या विवराच्या तळाशी, मोठ्या खडकावर उभा राहून बाबा अंगेटिले गरजला. "पूर्वज जागे आहेत! खोटं बोलणाऱ्याचा श्वास ते असाच ओढून घेतात!"

उतारावर दाटलेल्या गर्दीने टाळ्या पिटल्या. लुसुंगो डोंगर पेटलेला कुणाच्या आजोबानेही पाहिला नव्हता, पण त्याच्या पोटात पूर्वज राहतात याबद्दल कुणाला शंका नव्हती. म्हणून तर उजाडता उजाडता, दोर धरून, एकमेकांना सावरत सगळे विवरात उतरले होते. चेटकीण ओळखायला.

चेटकीण म्हणजे अतुगानिलेची आई, न्डिम्बुमी. बागायतदार म्वाकाबांगाचा मुलगा तापाने गेला होता. आदल्या दिवशी त्याला भाजलेली केळी हिने दिली होती. गावाला एवढं पुरलं.

अतुगानिले म्बेया शहरातल्या शाळेत विज्ञान शिकवायची. निरोप मिळताच ती धावत आली, तेव्हा आई दोराला हात घालून निघालीही होती. सबंध उतार ती आईला विनवत होती.

"अजून परत फिर, आई. माझ्याबरोबर चल."

"पळून जाऊ? मग मीच मारलं म्हणतील. त्या लेकराचं मी काही वाकडं केलेलं नाही. मला कसली भीती?"

आधी म्वाकाबांगाने 'हिनेच माझा मुलगा मारला' अशी शपथ घेतली, खडकावर ताठ उभं राहून. मोठ्या माणसांना गुडघे टेकायला लावायचं नाही, असा पूर्वजांचा नियम होता म्हणे. पूर्वजांना बागायतदारांचा भारी मान!

"आता तू," बाबा न्डिम्बुमीला म्हणाला. "त्या खळग्यात उतर. कपाळ जमिनीला टेकून शपथ घे. मी सांगेपर्यंत उठायचं नाही. उठलीस तर गुन्हा कबूल!"

ती उतरली आणि वाकली. गर्दीला ती दिसावी म्हणून बाबाच्या चेल्याने कंदील खळग्याच्या काठाखाली टेकवला. तो विझला. त्याने शिवी हासडून वर घेऊन पेटवला, पुन्हा खाली ठेवला. पुन्हा विझला.

अतुगानिलेने खळग्यात निरखून पाहिलं. खळगाभर मेलेले किडे होते. एक वाळका पक्षी होता. वाऱ्याची झुळूक नव्हती.

"आई, ऊठ! तिथे विषारी हवा आहे! ऊठ!"

चेल्यांनी तिचे दंड आवळले. आईने ऐकलं. कपाळ न उचलता तिने एक हात वर केला, थांब, होऊ दे पुरं, असा. मग तो हात खाली पडला.

"सापडली! चेटकीण सापडली!" उतार दणाणला.

चेल्याच्या मनगटाला कडकडून चावून अतुगानिले सुटली. श्वास रोखून तिने आईला खळग्यातून ओढलं, तोंडात हवा फुंकली, छाती दाबली, पुन्हा पुन्हा दाबली. आईच्या ओठांना माती चिकटली होती. ती उठली नाही. वर लोक नाचत होते.

अतुगानिले उभी राहिली. तिने चेल्याच्या हातातला कंदील हिसकावला.

"नाचून झालं असेल तर इकडे बघा!" तिने खळग्यात उतरून पेटता कंदील गुडघ्याखाली नेला. विझला. वर घेऊन पेटवला, खाली नेला. विझला. "याने कुणाचा मुलगा मारला? याने काय खोटी शपथ घेतली?"

नाच थांबला.

"डोंगराच्या फटींतून कार्बन डायऑक्साइड वायू येतो. साध्या हवेपेक्षा जड. वारा नसला की पाण्यासारखा खळग्यात साठतो. उभा राहील तो जगतो, वाकेल तो मरतो. कोंबडा तर उंचीनेच वाकलेला!"

"म्हणूनच वारा सुटला की बाबा म्हणतो, पूर्वज झोपले, चला वर," एक म्हातारी पुटपुटली.

"पोरीच्या तोंडून चेटूक बोलतंय!" बाबा ओरडला.

"मग उतर खाली. तू तर खरा ना? टेक कपाळ."

"मला... मला पूर्वजांची मनाई आहे."

आता लोक खडकाला भिडले. मघाशी नाचणारेच त्याला पायाला धरून ओढू लागले. "वाकव त्याला! बघू पूर्वज काय म्हणतात!"

"नको! मरेन मी!" खडकाला मिठी मारून बाबा रडायला लागला.

अतुगानिले मध्ये आडवी झाली. "सोडा त्याला! दाबलंत तर मरेलच तो. पण त्याने काय सिद्ध होणार? या खळग्यात मी वाकले तरी मरेन, तुमचं तान्हं मूल ठेवलं तरी मरेल. वायूला पाप कळत नाही. याला वर न्या, पोलिसांच्या ताब्यात द्या, आणि जे पाहिलंत ते कोर्टात सांगा."

म्वाकाबांगाने विचारलं, "म्हणजे... तिने काहीच केलं नव्हतं?"

"तुमच्या मुलाला ताप होता, काका. दवाखान्यात कधी नेलंत?"

त्याने मुलाला दवाखान्यात नेलंच नव्हतं. बाबाकडे नेलं होतं.

न्डिम्बुमी खरी होती, म्हणून उठली नाही. जरा खोटी असती, घाबरली असती, तर वाचली असती. असला हा न्याय! तेव्हा पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवायला लागला, की हात जोडण्याआधी त्याला एवढंच विचारा: आम्हाला वाकायला सांगतोस, तू स्वतः कुठे उभा आहेस?