इओपूचा वाटा

गावात डुक्कर कापलं की माझ्या मुलाचा वाटा माझ्या दारात येतो. इओपू ऑकलंडला असतो, सहा वर्षांत इकडे फिरकलेला नाही. पण घराण्याच्या प्रमुखाची पदवी त्याच्या नावावर आहे आणि त्या पदवीला डुकराची मांडी ठरलेली आहे. वाटे पुकारणारा तापू भर मैदानात त्याचं नाव घेतो. ते ऐकायला मी मुद्दाम पुढे जाऊन बसते. गावात त्याचं नाव मोठ्याने घेणारं दुसरं आहे कोण?

सभेचं डुक्कर आमच्याकडे वरवरच भाजतात, आत ते कच्चंच असतं. घरी आणून लगेच शिजवायचं, नाहीतर गोठवायचं. मी गोठवते. तापू म्हणतो, "फुआतिनो, खाऊन टाक की. पोरगं काय वास घेत येणार आहे?" मी म्हणते, ज्याचं आहे तो आला की निघेल.

या ऑक्टोबरात तो खरंच येणार होता, चार दिवसांसाठी. त्याआधी मी आठवडाभर बहिणीकडे पलीकडच्या उपोलू बेटावर जाऊन आले. परतले तर शेजारीण मेलेसाने सांगितलं, वाऱ्याने तारा पडल्या होत्या, दोन दिवस वीज नव्हती, पण आता सगळं पुन्हा घट्ट गोठलंय.

मांडी घट्टच होती. पण फ्रीजरमध्ये मी एक पेला ठेवते, पाणी गोठवून त्यावर खडा ठेवलेला. तो खडा तळाशी गेला होता. म्हणजे सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं.

मेलेसा म्हणाली, खड्याला काय कळतंय, भट्टीत दोन तास जास्त ठेव. मलाही तेच ऐकायचं होतं. मांडी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून विरघळू दिली. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर बोटाला चिकट तार आली. चरबी हिरवट पडली होती आणि आंबूस वास नाकात बसला. नासलेलं ते नासलेलं, आगीत घातलं म्हणून ताजं होत नाही. कुत्री उकरतील म्हणून केळीमागे कमरेएवढा खड्डा खणला. पुरताना मला रडू आवरेना.

इओपू आला. त्याच्यापुढे तारोचे कंद आणि डब्यातली मासळी वाढली.

"तुझा वाटा माझ्या हातून नासला रे," मी म्हणाले.

"मी डुक्कर सोडलंय, आई. चर्च बदललं ना, नव्यात चालत नाही. चार वर्षं झाली."

"बोलला नाहीस कधी."

"राहून गेलं," तो म्हणाला आणि मासळी खाऊ लागला.

दर रविवारी त्याचा फोन येतो.

तो गेल्यावर महिन्याभराने एका मयताच्या विधीला डुक्कर कापलं. तापूने इओपूचं नाव पुकारलं. मी पुढेच बसले होते. मांडी घरी आणली, त्याच दिवशी शिजवली आणि जेवायला बसले. चांगली झाली होती. एका माणसाला फार होती.